पिकअप बदलला, तरी तक्रार तीच: घुंई, पातळ आवाज आणि गढूळपणा यांचं मूळ शोधताना

सिंगल कॉइल घुंई करतो म्हणून हमबकर बसवला. हमबकर गढूळ वाटला म्हणून पी-९० आणला. आता घुंई परत आली, वर दोन पिकअप एकत्र लावले की आवाज डब्यातून आल्यासारखा. इलेक्ट्रिक गिटारवाल्यांच्या ओळखीचं हे चक्र आहे. पिकअप म्हणजे तारांची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा, तारांखालचा भाग; सिंगल कॉइल, हमबकर आणि पी-९० हे त्याचे प्रकार. पिकअपच्या प्रकारांत आवाजाचा फरक असतो आणि तो कानाला सहज कळतो. पण ज्या तक्रारींसाठी पिकअप बदलले जातात, त्यांतल्या बऱ्याचशा पिकअपची उंची, पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा बदलता रोध), वायरिंग आणि केबलच्या असतात. त्या नव्या पिकअपलाही जशाच्या तशा चिकटतात.

म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी एक चाचणी करा. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. नेहमीच्या वायरिंगमध्ये शून्यावर जॅकचं गरम, म्हणजे सिग्नल नेणारं टोक थेट ग्राउंडला जोडलं जातं, म्हणजे पिकअपचा संबंध संपतो. तरीही घुंई तेवढीच राहिली, तर गिटार उघडू नका. दोष केबलमध्ये, पेडलच्या अडॅप्टरमध्ये किंवा ॲम्पमध्ये आहे. सगळी पेडल्स काढा, एकच केबल थेट ॲम्पला लावा आणि पुन्हा ऐका. शून्यावर शांतता आणि दहावर घुंई असेल, तरच पुढचं सगळं तुमच्या कामाचं.

प्रकाराप्रमाणे आवाज का बदलतो

१९५४ साली आलेल्या फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) गिटारचा सिंगल कॉइल घ्या. अल्निको या चुंबकी मिश्रधातूच्या सहा कांड्या हेच चुंबक आणि हेच पोल पीस, म्हणजे प्रत्येक तारेखालचे धातूचे खुंट. त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक ४२ गेज वायरचे सुमारे ८,००० वेढे. डीसी रोध साधारण ६ किलोओहम, इंडक्टन्स (कॉइल बदलत्या प्रवाहाला किती अडवते त्याचं माप) २.२ ते २.५ हेन्री. कॉर्डमधली प्रत्येक तार सुटी ऐकू येते, प्लेक्ट्रमचा आघात टोकदार लागतो, मधला भाग जरा मोकळा राहतो.

गिब्सनचा पी-९० १९४६ सालचा. तोही सिंगल कॉइलच, पण बॉबिन (वायर गुंडाळायचं रीळ) रुंद आणि बसकी, वेढे सुमारे १०,०००, खाली दोन पट्टी-चुंबक आणि मधून स्क्रूचे पोल पीस. मधला भाग भरदार, कडा खरखरीत. ॲम्प थोडा तापवला की छान गुरगुरतो. मात्र घुंईच्या बाबतीत तो स्ट्रॅटपेक्षा सौम्य नाही, उलट वेढे जास्त असल्यामुळे बहुतेक वेळा वरचढच. घुंई टाळायला पी-९० घेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

हमबकर सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी तयार केला; पेटंटसाठी अर्ज १९५५ सालचा, गिटारवर तो १९५७ मध्ये आला. सुमारे ५,००० वेढ्यांच्या दोन कॉइल, एकीखाली चुंबकाचा उत्तर ध्रुव, दुसरीखाली दक्षिण, आणि वायरिंगची दिशाही एकमेकींच्या उलट. चुंबक आणि दिशा दोन्ही उलट असल्यामुळे तारेचा सिग्नल दोन्हीकडून एकाच दिशेनं येतो आणि त्याची बेरीज होते. बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरच्या घुंईला चुंबकाशी देणंघेणं नसतं, त्यामुळे ती दोन्हीकडून विरुद्ध येऊन कटते. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की खाली येणारे अर्धे दोष आपोआप समजतात.

हमबकर गडद का वाटतो, याची दोन कारणं आहेत. पहिलं इंडक्टन्स. पिकअपचं इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटी (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून एका वारंवारतेवर उंचवटा तयार होतो, त्याच्यावरचं सगळं झपाट्यानं कापलं जातं. केबल मीटरला साधारण १०० पिकोफॅरॅड धरा. सहा मीटरची केबल आणि पिकअपची स्वतःची थोडी कपॅसिटी मिळून ७०० धरले, तर २.४ हेन्रीच्या स्ट्रॅट पिकअपचा उंचवटा ३.९ किलोहर्ट्झच्या आसपास येतो, ४.५ हेन्रीच्या हमबकरचा २.८ वर. कानाला ‘चमक’ आणि ‘जाडी’ म्हणून जे कळतं, त्याचा मोठा वाटा या एका आकड्यात आहे. तीच केबल तीन मीटरची घेतली, तर स्ट्रॅटचा उंचवटा ५ किलोहर्ट्झच्या वर सरकतो. केबल बदलून पिकअप बदलल्यासारखं वाटतं ते यामुळे.

दुसरं कारण, हमबकर तारेला दोन ठिकाणी ऐकतो. दोन कॉइलच्या मध्यांमध्ये सुमारे १८ मिलिमीटर अंतर असतं. ज्या हार्मॉनिकची (मूळ सुराच्या पटीतल्या वरच्या सुराची) अर्धी लहर बरोबर १८ मिलिमीटर भरते, तो दोन कॉइलमध्ये एकमेकांना मारतो. ६२८ मिलिमीटरच्या स्केलवर (मोकळ्या तारेची वाजणारी लांबी) मोकळ्या सहाव्या तारेसाठी हे २.९ किलोहर्ट्झच्या आसपास घडतं, म्हणजे ऐन कानाच्या पट्ट्यात. पहिल्या तारेसाठी तीच जागा ११ किलोहर्ट्झच्या पुढे जाते, जिथे गिटारचा स्पीकर फारसं काही वाजवतच नाही. म्हणूनच हमबकरवर जाड तारा गुळगुळीत होतात आणि बारीक तारांची धार बऱ्यापैकी टिकते. ‘हमबकर सगळंच दाबतो’ हे म्हणणं अर्धंच खरं आहे.

रे बट्स यांनी ग्रेचसाठी केलेला फिल्टरट्रॉन हाही हमबकरच, पण कमी वेढ्यांचा, साधारण ४ किलोओहमचा; त्यामुळे घुंई कटूनही वरचा भाग उघडा राहतो. हमबकरची शांतता आणि सिंगल कॉइलजवळची चमक हवी असणाऱ्यांनी पूर्ण ताकदीचा हमबकर घेऊन टोनशी झगडण्याऐवजी आधी या वाटेनं जावं. एकावर एक दोन कॉइल ठेवलेले ‘नॉइजलेस’ सिंगल कॉइलही घुंई कापतात, वरची थोडी हवा मात्र जाते.

खरेदी करताना किलोओहमवर भरवसा ठेवू नका. टेलिकास्टरचा नेकचा पिकअप जास्त बारीक, ४३ गेज वायरचा असतो. बारीक वायरचा रोध लांबीमागे जास्त, त्यामुळे मीटरवर तो ब्रिजवाल्याच्या बरोबरीनं किंवा जास्तही दिसतो. आवाज मात्र मऊ आणि धातूच्या टोपीमुळे दबलेला. एकाच वायरच्या, एकाच घडणीच्या दोन पिकअपची तुलना करायला किलोओहम ठीक. वेगळ्या प्रकारांमध्ये तो आकडा काहीच सांगत नाही.

घुंई: कोणती आणि कुठून

सिंगल कॉइलची घुंई ही दोन वेगळ्या रोगांची एकच तक्रार असते. पहिली खालच्या सुरातली, गोल, ‘हंऽऽ’ अशी. ती वीजपुरवठ्याच्या ५० किंवा ६० हर्ट्झची, ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकी क्षेत्रातून येणारी. दुसरी तिखट, करकरीत, डिमर किंवा ट्यूबलाइट लावली की वाढणारी. ओळखायला गिटार अंगावर घेऊन जागेवरच हळूहळू फिरा. एका दिशेला घुंई जवळजवळ नाहीशी होऊन पुढे पुन्हा वाढली, तर ती चुंबकी आहे. तांब्याची पट्टी कितीही चिकटवली तरी ही जात नाही. इलाज तीनच: ॲम्पपासून लांब जा, दिशा बदला, किंवा घुंई कापणारा पिकअप बसवा.

करकर मात्र शिल्डिंगनं नक्की कमी होते. पोकळीच्या आतून आणि पिकगार्डच्या पाठीमागून तांब्याची पट्टी लावा. गोंद वीजवाहक असलेली घ्या, तरीही जोडांवर सोल्डरचा एकेक ठिपका द्या. सगळे तुकडे एकमेकांशी जोडले गेलेत का ते मीटरवर पाहा, रीडिंग एका ओहमच्या आत हवं. मग त्या कवचातून एकच वायर व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवर. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे जॅकच्या जागेतली पट्टी. प्लग आत गेला की जॅकची गरम पाकळी बाहेर झुकते आणि पट्टीला टेकते; गिटार एकदम मुकी. त्या भिंतीवर इन्सुलेशन टेपचा एक तुकडा लावून ठेवा.

आता तारांना हात लावून पाहा. हात लावल्यावर करकर कमी होत असेल, तर ग्राउंड ठीक आहे, शिल्डिंग अपुरं आहे. तारांना लावून काहीच होत नाही, पण जॅकच्या नटाला लावल्यावर कमी होते, तर ब्रिजखाली जाणारी ग्राउंड वायर सुटली आहे. हात लावल्यावर वाढत असेल, तर जॅकवरच्या दोन वायरी उलट लागल्या आहेत. आणि तारांना हात असताना मायक्रोफोनला ओठ लागून झटका बसत असेल, तर तिथेच थांबा. तो पिकअपचा दोष नाही. ॲम्पच्या किंवा त्या जागेच्या अर्थिंगचा आहे आणि जिवावर बेतू शकतो. प्लगची अर्थची पिन काढून घुंई घालवण्याचा उपाय कुणीही सांगितला तरी करू नका.

तीन सिंगल कॉइलच्या गिटारवर निवडीच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी (मधला आणि शेजारचा पिकअप एकत्र) घुंई कटत नसेल, तर मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट चुंबकाचा असा बनवलेला नाही. वेगवेगळ्या संचांतले पिकअप एकत्र केले की हे हमखास होतं. दोन पिकअप सुटे करून तोंडाला तोंड लावा: एकमेकांना ढकलत असतील तर वरचे ध्रुव सारखे, ओढत असतील तर उलटे.

पातळ, नाकातला आवाज

हा दोष सगळ्यात जास्त चुकीचा वाचला जातो. एकेकटे दोन्ही पिकअप छान आणि एकत्र लावले की खालचा भाग गायब, आवाज लहान: दोन पिकअप एकमेकांच्या फेजबाहेर आहेत, म्हणजे एकाचा सिग्नल वर जातो तेव्हा दुसऱ्याचा खाली. एकटा हमबकरच पातळ वाजतो आणि वर घुंईही करतो: त्याच्या आतल्या दोन कॉइल फेजबाहेर आहेत. सिग्नल कटतोय आणि घुंईची बेरीज होतेय, वर सांगितलेल्या तत्त्वाच्या नेमकं उलट. पातळ आवाज आणि घुंई हे दोन्ही एकाच हमबकरवर एकत्र दिसले, तर दुसरीकडे शोधत बसू नका.

बहुतेक वेळा कारण वायरींच्या रंगांचं असतं, कारण प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. सेमूर डंकनच्या चार वायरींच्या पिकअपमध्ये काळी गरम, लाल आणि पांढरी एकत्र जोडून झाकायची, हिरवी आणि उघडी वायर ग्राउंडला. डिमार्झिओमध्ये लाल गरम, काळी आणि पांढरी एकत्र, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. एकाचा नकाशा दुसऱ्याला लावला की एक कॉइल उलटी पडते. पिकअपसोबत आलेला कागद टाकून देऊ नका. दुसऱ्या कुणाचा रंगतक्ता ‘सगळीकडे सारखाच असतो’ असं समजून वापरू नका.

तपासायला गिटार उघडावी लागत नाही. केबल गिटारला लावा, दुसऱ्या टोकाच्या प्लगवर मल्टिमीटरची टोकं धरा, पट्टा २० किलोओहम, व्हॉल्यूम आणि टोन दहावर. ६ किलोओहमचा सिंगल कॉइल २५० किलोओहमच्या पॉटमधून ५.८६ दिसेल, ८ चा हमबकर ५०० च्या पॉटमधून ७.८७. एवढा फरक पॉटचा, तो दोष नव्हे. हमबकर निम्मा दिसला, तर एक कॉइल बंद आहे. झाकायचा जोड बहुधा कुठेतरी ग्राउंडला टेकला आहे. पाव भाग दिसला, तर दोन कॉइल समांतर लागल्या आहेत. पट्टा वाढवून २५० किंवा ५०० किलोओहमच्या आसपास रीडिंग आलं, तर मीटरला फक्त पॉट दिसतोय आणि कॉइल तुटली आहे किंवा तिची वायर सुटली आहे. शून्य आलं तर शॉर्ट. पहिल्यांदा जॅक पाहा.

आता त्याच जोडणीत स्क्रू-ड्रायव्हरचं सपाट पातं पोल पीसवर टेकवा आणि झटक्यात उचला. रीडिंग क्षणभर वर किंवा खाली उडी मारेल. आकडा महत्त्वाचा नाही, दिशा टिपा. काट्याचा मीटर असेल तर हे फारच स्पष्ट दिसतं. हमबकरच्या दोन्ही कॉइलवर उडी एकाच दिशेला हवी. नेक आणि ब्रिज पिकअपचीही एकाच दिशेला हवी. वेगळी आली, तर एका पिकअपच्या गरम आणि ग्राउंड वायरींची अदलाबदल करा.

अदलाबदल करताना एक सापळा आहे. टेलिकास्टरच्या नेक पिकअपची धातूची टोपी कॉइलच्या ग्राउंड टोकालाच जोडलेली असते. वायरी उलटल्या की टोपी गरम होते आणि अँटेना बनते. फेज सुधारते, पण टोपीला हात लागला की कर्कश आवाज. टोपीचा तो जोड आधी तोडा, टोपीला स्वतंत्र वायर देऊन ग्राउंड करा, मगच अदलाबदल करा. एकच आतली वायर आणि बाहेर धातूची वेणी असलेल्या हमबकरमध्ये तर वायरी उलटवताच येत नाहीत, कारण वेणी म्हणजेच ग्राउंड. तिथे खालचा स्क्रू सैल करून पट्टी-चुंबक पालटावा लागतो.

कॉइल स्प्लिटकडून, म्हणजे हमबकरची एकच कॉइल चालू ठेवण्याकडून, भलत्या अपेक्षा ठेवू नका. हमबकरचा अर्धा भाग म्हणजे ५,००० वेढ्यांची एक कॉइल. ती स्ट्रॅटच्या ८,००० वेढ्यांसारखी वाजणार नाही, आणि घुंई परत येईल. त्याच स्विचवर दोन कॉइल समांतर जोडल्या, तर आवाज तसाच हलका आणि चमकदार होतो, घुंई मात्र कटलेली राहते. बहुतेकांना खरं तर हेच हवं असतं.

गढूळ किंवा बोथट आवाज

पॉटवरचा आकडा वाचा. सिंगल कॉइलला २५० किलोओहम, हमबकरला ५००, जॅझमास्टरच्या पसरट पिकअपला १ मेगाओहम ही नेहमीची जोडी. स्ट्रॅटमध्ये हमबकर टाकला आणि जुने २५० चे पॉट तसेच ठेवले, की वरचा उंचवटा दबतो आणि दोष हमबकरच्या माथी जातो. उलट, ५०० वर सिंगल कॉइल कानात टोचतो. ५०० च्या व्हॉल्यूम पॉटच्या दोन बाहेरच्या पाकळ्यांवर ४७० किलोओहमचा रेझिस्टर लावला, की तो २४२ चा होतो. दोन डाग द्यायचे आणि ऐकायचं. पटलं नाही तर काढून टाका. पॉटवर लिहिलेलंही प्रमाण मानू नका, १०–२० टक्क्यांचा फरक सर्रास असतो; सुटा पॉट मोजून घ्या.

व्हॉल्यूम सातवर आणला की धार जाते, ही वेगळी तक्रार. गरम आणि मधल्या पाकळीमध्ये १ नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५० किलोओहम लावून पाहा. जास्त टोचलं तर ६८० पिकोफॅरॅड.

उंचीवर मात्र वेळ घालवा, कारण तिच्याइतका फरक फुकटात दुसरं काहीच देत नाही. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पोल पीसच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. स्ट्रॅटसारख्या सिंगल कॉइलला सुरुवात सहाव्या तारेखाली २.४, पहिलीखाली २ मिलिमीटर. हमबकरला नेकवर २.४, ब्रिजवर १.६. नेकजवळ तार जास्त हेलकावते, म्हणून तिथला पिकअप नेहमी खाली. गढूळ हमबकर आधी अर्धा फेरा खाली घ्या. जोर थोडा कमी होतो आणि तारा सुट्या होऊ लागतात. त्यानंतर स्क्रूचे पोल पीस एकेक करून तारांशी जुळवा.

जुन्या धाटणीच्या स्ट्रॅट पिकअपवर तिसरी तार अंगावर येत असेल, तर उंची बदलून ती नीट होणार नाही. अशा पिकअपच्या कांड्या कमीजास्त उंचीच्या असतात; ती चढउतार वर वायर गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेसाठी होती. आजची तिसरी तार साधी असते आणि जास्त बोलते. कांडी हातोडीनं ठोकू नका. कॉइल तिच्याभोवतीच गुंडाळलेली असते, एक वेढा तुटला की पिकअप मेला. सपाट कांड्यांचा पिकअप घ्या.

सूर लागतच नाही असं वाटतं तेव्हा

सहावी तार बाराव्या फ्रेटच्या वर दाबली की एका सुराऐवजी दोन ऐकू येतात, ‘वॉव-वॉव’ असं हेलकावतं, आणि इंटोनेशन (ब्रिजवर तारेची लांबी जुळवणं) कितीही फिरवलं तरी जुळत नाही. कांड्यांचे चुंबक तार ओढत आहेत. सगळे पिकअप पिकगार्डच्या पातळीपर्यंत खाली उतरवा. सूर स्वच्छ झाला, तर कारण सापडलं. मग एकेक पिकअप अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यानं वर घ्या. हेलकावा पुन्हा सुरू झाला की एक पाऊल मागे. अल्निको ५ मध्ये हे जास्त, अल्निको २ आणि ३ मध्ये कमी. हमबकर आणि पी-९० चे चुंबक खाली झोपलेले असतात, म्हणून ते जवळ आणले तरी सहसा त्रास देत नाहीत.

शिट्टी

तारा तळव्यानं पूर्ण दाबून धरल्या तरी जास्त गेनवर तीक्ष्ण शिट्टी येते, आणि पिकअपवर नखानं टकटक केली तर ॲम्पमधून ठक-ठक मोठ्यानं ऐकू येतं: कॉइलचे वेढे किंवा धातूची टोपी सैल आहे. इलाज मेणाचा. ८० भाग पॅराफिन, २० भाग मधमाश्यांचं मेण, गरम पाण्यातल्या दुसऱ्या भांड्यात वितळवून तापमान ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास. थर्मामीटरशिवाय हे करू नका. ७० च्या वर बॉबिन वाकतात आणि ते परत सरळ होत नाहीत. मेणाचं भांडं थेट आचेवरही ठेवू नका, वाफ पेट घेते. बुडबुडे थांबेपर्यंत पिकअप बुडवून ठेवा, साधारण १५ ते २० मिनिटं, मग वर काढून निथळू द्या. आत थोडी हवा ठेवलेले जुन्या पद्धतीचे हमबकर मुद्दाम मेणाशिवाय असतात. कमी गेनवर वाजवत असाल, तर त्यांना हात लावू नका.

ॲक्टिव्ह पिकअपचे वेगळे नियम

ईएमजीसारख्या ॲक्टिव्ह पिकअपमध्ये आत प्रीॲम्प आणि बाहेर ९ व्होल्टची बॅटरी असते. आवाज फुटका, खरखरीत आणि हळूहळू लहान होत चालला, तर आधी बॅटरी बदला. बॅटरी महिन्याभरातच संपत असेल, तर प्लग जॅकमध्येच राहतोय: स्टीरिओ जॅकची तिसरी पाकळी प्लग आत गेला की बॅटरी चालू करते. वाजवून झालं की केबल काढा. इथे पॉट २५ किलोओहमचे लागतात. जुने ५०० चे ठेवले तर व्हॉल्यूमचा नॉब स्विचसारखा वागतो, सगळा बदल एका टोकाला. उलट, एक ॲक्टिव्ह आणि एक साधा पिकअप २५ च्या पॉटवर एकत्र जोडला, तर साध्याची सगळी चमक मरते. अशी जोडी ठेवायचीच असेल, तर प्रत्येकाला त्याला लागणाऱ्या किलोओहमचा स्वतंत्र व्हॉल्यूम पॉट द्या आणि निवड टॉगलनं करा. मधल्या जागी दोन्ही एकत्र आले, की साधा पिकअप ॲक्टिव्हच्या ओझ्याखाली दबणार हे गृहीत धरा.